भांडणाचं माप

फागुन लागला का आमच्या बुढ्याचं डोस्कं उनाच्या आधी तापते. यंदा तं त्याले कारनही व्हतं. घरात मशीन शिरली व्हती. म्हंजे मशीन व्हती तिकडे मंगरूळपीरले, बायांच्या बचत गटाच्या गाळ्यात. घरात शिरलं ते निसतं तिचं नाव. पन आमच्या बुढ्याले तेवढं पुरते.

बुढा म्हंजे माहा नवरा, देवमन. मी भागिरथा. आमचा वाहनाईचा, म्हंजे चपलाईचा, धंदा सासऱ्याच्या हातचा. मंगरूळपीरच्या बाजारात कोनालेही इचारा, देवमनच्या वाहना कशा? तो सांगन, चावत नाई. नवी वाहन म्हनलं का पायाले फोड आलाच, पन आमची वाहन पयल्या दिवशी घाला अन् ढोरामागं दिवसभर फिरा, फोड नाई का फोडाची बहीन नाई. या एका गोष्टीवर बुढ्यानं आजलोक गावात मान ताठ ठेवली. घरातही ठेवली असती, पन तिथं मी व्हती.

माहा पोरगा नरेंद्र. त्याचा हात आरीवर चालते, शिवन झकास हाये, पन रापी, म्हंजे कापाचं हत्यार, हातात घेतली का चामड्याचं वाटोळं करते. म्हनून कापाचं काम बुढ्याचंच. अन् बुढ्याचा अंगठा आता सुजून राह्यला. सकाळी उठला का अंगठा वळत नाई. गरम पान्याचं गंज घेऊन मोरीत बसते अन् मी पाह्यलं का म्हनते, "हात धुवून राह्यलो." इतका वेळ कोनता मानूस हात धुते बावा?

नरेंद्रच्या दोस्तानं पुन्याले त्याच्यासाठी गोदामातलं काम पाहून ठेवलं व्हतं. पोरगा म्हने, बाबाचा हात बसला का धंदा बसला, मंग आमी दोघं जातो. दोघं म्हंजे तो अन् माही सून मंजुषा. मी म्हनलं, अन् मी? तं म्हने, तुमी दोघं घरी आराम करा. आराम! या मानसासंगं एकटीनं आराम! मले पोरगी नाई. सून आली तवा कुठं या घरात कोनीतरी माह्या बाजूनं बोलाले लागलं. तेच मानूस पुन्याले गेलं तं मी बोलू कोनाशी, रापीशी? मी मनात ठरवूनच टाकलं, या पोट्ट्याईले जाऊ द्याचं नाई.

रस्ता निघाला तो मंजुषाकडूनच. ते बारावी शिकेल. लग्नाआधी नागपूरले वाहना-पिशव्याईचे नमुने कंप्युटरवर चढवाचं शिकून आली व्हती. गटाच्या गाळ्यात कापाची मशीन आली तवा तिथल्या सुप्रिया मॅडमनं तिले बलावलं अन् साफ सांगितलं, "मंजुषा, पहिली ऑर्डर तू तुझ्या घरच्या नमुन्यावर काढून दाखव. गिऱ्हाइकानं माल पास केला तर मशीनवर कायमची तूच. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल."

म्हंजे माल पास झाला तं सून घरी, नाई झाला तं सून पुन्याले. मले तेवढं समजलं.

ऑर्डरही चालून आली. तांड्यावरचा सेवादास आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याची लेंगीची पार्टी हाये, होळीत डफावर गात गात नाचनारी. यंदा त्याईले कारंज्याच्या मोठ्या कार्यक्रमात नाचाचं व्हतं. सेवादास म्हने, "देवमनभाऊ, साऱ्या पार्टीच्या पायात एकसारख्या वाहना पायजे. वरून लाल गोंडा." होळी तोंडावर आलेली, अन् बुढ्याचा अंगठा असा. मंजुषा म्हने, "मामाजी, तुमी फक्त नमुना द्या. मशीन कापन."

बुढ्यानं नमुना देला, पन कसा देला! नमुना म्हंजे सासऱ्यानं तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेला पाय. भितीच्या खुट्याले टांगला राहे. बुढ्यानं तो काढला, दुपट्ट्यानं पुसला, अन् सुनेच्या हातात असा देला, जशी पोरीची पाठवनी करून राह्यला.

"तंतोतंत काप म्हना तुह्या मशीनले," बुढा म्हने. "माह्या बापाचा नमुना हाये. मी उभ्या जिंदगीत त्याच्या बाहेर गेलो नाई. केसभर नाई."

"मामाजी, आधी एकच जोडा काढू. कोनाच्या पायात घालून पाहू, मंग बाकीचे."

"कायले? मशीनवर भरोसा नाई काय?"

"मशीनवर हाये."

"म्हंजे माह्यावर नाई!"

आता यावर कोनती सून काय बोलन? तिनं पत्रा पिशवीत घातला. मीच बोलली असती, पन तवा चुलीवर दूध व्हतं.

मी मंजुषासंगं गाळ्यात गेली. बुढ्याले म्हनलं चला, तं म्हने मले काम हाये. काम म्हंजे हात धुनं.

गाळ्यात एक आडवा फळा व्हता. त्याच्यावर मंजुषानं पत्र्याचा पाय चिकटपट्टीनं बसवला. तिच्या हातात साबनाच्या वडीएवढं काहीतरी व्हतं, त्याले भिंग, अन् भिंगात फुली. ते फुली पत्र्याच्या काठाले लावे अन् बटन दाबे. तिकडे कंप्युटरवर एक टिंब पडे. अशी काठाकाठानं टिंबं टाकत गेली, रांगोळीचे ठिपके काढावं तशी. मंग टिंबं जुळली अन् पडद्यावर सासऱ्याचा पत्रा उभा राह्यला. मी पदर घेऊन हात जोडले. मॅडम हासली. मी म्हनलं, हासा बाई, तुमाले सासरा नाई पडद्यावर.

मंग मंजुषानं आनखी एक बटन दाबलं तं त्या एका पायाचे लहानमोठे सारे पाय झाले, एकात एक, वाट्याईच्या जोडासारखे. डाव्याचा उजवाही आपोआप. बुढ्याले तं पत्रा उलटा कराचं म्हनलं तरी शिव्या सुचते. चामडं टेबलावर पसरलं, खालून हवेनं वढून धरलं, अन् वरून पातं आलं. सरसर, सरसर. आमचा बुढा कापते तवा माहं डोस्कं खाते. मशीन काहीच खात नोती. मले तं तिचं नवलच वाटलं.

घरी नरेंद्रनं शिवन घातली. मी अन् मंजुषानं गोंडे लावले. सारा माल ओट्यावर मांडला तवा गल्लीतले लोक पाहाले आले. बुढाही मंधात जाऊन बसला, जसं सारं त्यानंच केलं.

सेवादास पार्टी घेऊन आला. साऱ्याईनं वाहना पायात घातल्या. सेवादास म्हने, "दोन गिरक्या मारूनच पाहतो भाऊ." डफ वाजला. पार्टी आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर गोल फिराले लागली. अशी मजा आली म्हनता! बुढा ओट्यावर मान डोलवून राह्यला.

थोड्या वेळानं एक जन लंगडला. मंग त्याच्या मागचा. मंग पाहता पाहता सारी पार्टी एकाच तालावर लंगडाले लागली. डफ घुमला का साऱ्याईचा उजवा पाय आखडे.

"वा रे सेवादास!" बुढा वरडला. "नवी चाल बसवली काय?"

सेवादास थांबला. बिचारा भला मानूस. खाली पाहून म्हने, "चाल नाई भाऊ. वाहना चावून राह्यल्या."

डफ बंद पडला. आमच्या ओट्यासमोर हा शब्द आजलोक कोनी उच्चारला नोता. बुढ्याचं तोंड असं झालं, जसं कोनी त्याच्या बापाले नाव ठेवलं.

मंजुषानं एकाच्या पायापुढं बसून पाह्यलं. अंगठ्याच्या मुळाशी वाहनेले पोट सुटलं व्हतं. पाय त्या मोकळ्या जागेत घसरे अन् दुसऱ्या बाजूनं पट्टा करंगळीले कापे. साऱ्या वाहना तशाच. लहान मापाच्या भी, मोठ्या मापाच्या भी.

सेवादास वाहना काढून ठेवत म्हने, "भाऊ, दुसऱ्या करून दे. चार दिवस थांबतो. नाई जमलं तं मंग मले वाशिमहून रेडीमेड आना लागन. राग मानू नको."

पार्टी अनवानी गेली. बुढा उठला अन् सुरूच झाला. "मशीन! मशीननं घात केला! माह्या बापाचा नमुना नासवला!"

मंजुषाच्या डोळ्यात पानी व्हतं, पन पोरगी हिमतीची. आत गेली, पत्रा आनला, मशीननं कापलेल्या वाहनेच्या तळावर ठेवला. काठाले काठ. कुठंच फरक नाई.

"मामाजी, हे तुमच्या पत्र्याबरोबरच हाये."

"तं मंग पत्रा बदलला कोनीतरी!"

मले राहवलं नाई. दुरुस्तीच्या टोपलीत बुढ्याच्या हातची जुनी वाहन पडली व्हती, टाचेपाशी फाटलेली. ते घेतली अन् म्हनलं, "ठेव वं याच्यावर पत्रा."

ठेवला. अंगठ्यापाशी पत्रा बोटभर बाहेर. बुढ्यानं कापताना तेवढं पोट सोडूनच देलं व्हतं. बुढ्यानं दुसरी वाहन मांगतली. मंग तिसरी. सोताच्या पायातली काढून ठेवली. साऱ्याईवर पत्रा बाहेर. केसभर नाई, बोटभर.

"म्हंजे मी..." बुढा म्हने, अन् हातातली वाहन टाकून उठला. खाटेवर जाऊन भितीकडे तोंड करून झोपला. जेवाले उठवलं तं उठला नाई. पिठलं केलं व्हतं, त्याच्या आवडीचं. मले आधी हासू आलं, मंग वाईट वाटलं, मंग वाईट वाटलं म्हनून त्याचाच राग आला. नरेंद्र आंगनात जाऊन पुन्याच्या दोस्तासंगं फोनवर हळूहळू बोलून राह्यला व्हता. ते पाहून मले रागही येईना. मी निसतं पिठल्यावरचं झाकन काढे अन् परत ठेवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतराव आले. गावचे जुने सरपंच. बाजार करून आले का आमच्या ओट्यावर टेकाची त्याईची सवयच हाये. ढिगातली एक वाहन त्याईनं सहज पायात घातली. मंग दुसरी घातली. उठले. चालले. परत आले. अन् डोळे मोठे करून बुढ्याकडे पाहाले लागले.

"देवमन! बसली रे!"

"काय बसली?"

"वाहन बसली! जिंदगीत पयल्यांदा!"

मारोतरावनं पाय पुढं केला. अंगठ्याच्या मुळाशी बोराएवढं हाड बाहेर आलेलं. ते हाड वाहनेच्या त्या पोटात असं बसलं व्हतं, जशी वाटी ताटात.

"बसनच," मारोतराव म्हने. "माहाच पाय हाये तो. माह्या लग्नात तुह्या बापानं माप घेतलं व्हतं. डबा मीच देल्ता तेलाचा, रिकामा. पन मले एक सांग देवमन, माह्या पायाचा नमुना, माह्या डब्याचा पत्रा, तं मंग साऱ्या गावाले तुही वाहन मऊ अन् मलेच काहून चावे? मी म्हनलं आपलाच पाय वाकडा, कोनाले सांगता? देवाचं नाव घेत घातल्या मी."

मले तवा उमगलं. सासऱ्यानं दुसऱ्यासाठी कापताना ते हाड सोडलं असन. बुढा तवा पोट्टा, बापाच्या बाजूले बसून बापाचा हात पाहे. पत्र्याकडे पाह्यलं कोनी? हातानं हात शिकला, अन् बुढा म्हनत राह्यला का मी पत्र्यावर कापतो.

मारोतराव म्हने, "या वाहना सेवादासनं सोडल्या? मंग मी पोट्ट्याईले धाडतो. आमच्या साऱ्या भावकीले हेच हाड हाये."

दुपारलोक भावकी आली. लहान, थोर, म्हातारे. बांधावरून मारोतरावसंगं बोलचाल बंद असलेला चुलतभाऊही आला. दोघं एका ओट्यावर बसले, पाय शेजारी ठेवले, अन् कोनाचं हाड मोठं हाये यावर बोलाले लागले. ढीग उठला. गोंड्यासकट नेला. आता त्या घरातले म्हातारे लाल गोंड्याच्या वाहना घालून वावरात जाते.

पन सेवादासच्या वाहना अजून व्हायच्याच व्हत्या. मंजुषा बुढ्यापुढं बसली. "मामाजी, आता पत्रा नको. तुमी तुमच्या हातानं एक जोडा कापा. तळ अन् पट्टे. मी त्याचाच नमुना चढवतो. बाकीची मापं कंप्युटर करन."

"त्या टोपलीतल्या घे नं."

"त्या पाय पडून पडून फैलल्या हायेत मामाजी. मले कोरं चामडं पायजे, तुमच्या रापीचं."

बुढ्याले थोडं बरं वाटलं. पाटावर बसला. कोरं चामडं घेतलं, पत्रा ठेवला, खडूनं रेघ मारली, अन् रापी चालवली. आमी सारे भोवताल. कापून झालं. मंजुषानं पत्रा ठेवून पाह्यला. काठाले काठ. मारोतरावचं हाड जसंच्या तसं.

"अहो, आता तं माहीत झालं नं, मंग सोडा नं ते हाड!" मी म्हनलं.

दुसरा कापला. आता बुढ्यानं इतकं सोडलं का अंगठ्यालेच जागा राह्यली नाई. तिसऱ्यात जागा केली तं टाच वाकडी. चौथ्याले रापी आधीच थांबली. बुढ्याले घाम सुटला.

"मले कोनी पाहू नका!" तो वरडला.

आमी सारे बाहेर झालो. दारामागून मी पाह्यलं. एकटाच बसला व्हता अन् सोताच्या हाताकडे पाहून राह्यला व्हता, जसा तो हात शेजाऱ्याचा हाये अन् उसना आनला हाये. हात इतकी वर्सं आपलं काम करे, याले काही इचारत नोता. आता यानं त्याले इचाराले सुरुवात केली, तं हात बिचकला.

मी भाकरी थापाले बसली, पन ध्यान तिकडेच. थापता थापता माह्या ध्यानात आलं. हा मानूस आजलोक कवा चूप बसून कापलाच नाई. कापते तवा त्याचं तोंड चालू राहते, अन् ते तोंड माह्याशीच चालू राहते. आता घरात सारे दबून, कोनी आवाज करत नाई, मी भी नाई. याचा हात चालन कसा?

मी हात धुतले. मंजुषाले कोपऱ्यात घेतलं. "आयक. तू निसती मामाजीच्या मागं बस. खाली पडन ते उचल. अन् आज मी काय बोलली ते मनावर घेऊ नको."

"काय बोलनार मामी?"

"ते मलेही माहीत नाई."

बुढ्यापुढं कोरं चामडं टाकलं अन् मी दारात बसली. "तुमच्या बहिनीनं लोनचं मांगतलं व्हतं. मी नाई देलं."

बुढा नुसता "हं" म्हने. इतका मेला व्हता मनातून. एरवी बहिनीच्या नावावर त्यानं छप्पर उचललं असतं.

मंग मी मोठा दगड मारला. "माहा भाऊ फुलचंद भेटला व्हता बाजारात. म्हने, देवमनच्या हातात आता काही राह्यलं नाई."

फुलचंद बिचारा गेल्या दिवाळीपासून भेटला नोता. पन बुढ्याचे कान लाल झाले.

"कोन म्हने?"

"फुलचंद."

"त्या फुलचंदले आरी कोन्या तोंडानं टोचते हे तरी माहीत हाये काय वं? लग्नात नवरदेवाले म्हंजे मले उलटी चटई टाकून बसवलं व्हतं त्यानं!"

"चटई सुलटीच व्हती. तुमीच उलटे बसले व्हते."

"मी उलटा?" अन् रापी चालली. खडू नाई, रेघ नाई. पत्रा एकदा ठेवला अन् बाजूले फेकला. "तुहं सारं खानदान उलटं! तुह्या बापानं मले गाय देतो म्हनलं, देली काय? वासरू तरी देलं काय?"

"तुमी गायीले काय खाऊ घातलं असतं, चामडं?"

एक तळ खाली पडला. मंजुषानं उचलला. बुढ्याले पत्ताही नाई. दुसरा तळ. मी त्याच्या मायपर्यंत गेली, तो माह्या आजीपर्यंत आला. शेजारची बाई भितीवरून डोकावली अन् रोजचंच हाये म्हनून परत गेली. पट्टे कापाले घेतले. माह्या जीभेले आता कोनी थांबवू शकत नोतं, मले भी नाई. अन् अचानक जे बोलाचं नोतं ते तोंडातून निघालं.

"पोट्टे चालले पुन्याले, अन् तुमी मोरीत बसून हात धुता! अंगठा सुजला हे मले सांगाले लाज वाटते काय? मी काय परकी हावो? उद्या या घरात मी एकटी तुमचं तोंड पाहत बसू काय? मी भी जातो मंग त्याईच्यासंगं!"

"जा! सारे जा!" बुढा वरडला. हात चालूच. "सांगून काय केलं असतं तू? अंगठा बदलून देला असता? अन् मले का हौस हाये वं त्याईले धाडाची? ते गेले तं मी कापू कोनासाठी? मशीनले मी काहून भेतो, समजते तुले? ते एकदा शिकली का मले कोनी हाक मारनार नाई. मामाजी हे कसं, बाबा ते कसं, कोनी इचारनार नाई. निसता खाटेवर बसून राहीन मी. ढोर म्हातारं झालं का बसवून ठेवते, तसा."

माहं तोंड बंद पडलं. इतक्या वर्सात पयल्यांदा. नवऱ्याचा असा जीव जाऊन राह्यला अन् मले वाटे हा निसता अकडतो.

"चूप काहून झाली?" बुढा म्हने. "बोल नं!"

त्याच्या मागून मंजुषा हळूच म्हने, "झालं, मामी."

बुढ्यानं वळून पाह्यलं. सुनेच्या मांडीवर दोन तळ अन् सारे पट्टे. मंजुषानं पत्रा ठेवून दाखवला. अंगठ्यापाशी बोटभर बाहेर, जसा पायजे तसा. बुढा त्याकडे पाहे, मंग माह्याकडे पाहे.

"म्हंजे हे सारं खोटं व्हतं?"

"फुलचंदचं खोटं व्हतं," मी म्हनलं.

"अन् बाकीचं?"

मी चुलीकडे गेली. भाकर करपली व्हती.

मंजुषानं त्याच दिवशी नमुना चढवला. यावेळी बुढा सोता गाळ्यात गेला. फळ्यापाशी उभा राहून तिले सांगे, इथं टिंब जवळ टाक, इथं वळन हाये. मॅडमनं खुर्ची देली तं बसला नाई. मंजुषानं आधी एकच जोडा काढला. नरेंद्रनं घालून दिवसभर पायवाटेनं फिरून पाह्यलं. मंग बाकीचे काढले.

सेवादासची पार्टी आली. डफ वाजला. मी देवाचं नाव घेत दाराआड उभी. पयली गिरकी, दुसरी गिरकी. साऱ्याईचे पाय पाहत व्हती मी, तोंड एकाचंही पाह्यलं नाई. कोनी लंगडला नाई. सेवादास नाचत नाचत गल्लीच्या टोकालोक गेला अन् तिकडूनच तांड्याच्या रस्त्याले लागला. वाहना कशा हाये हे सांगाचंही इसरला. मॅडम गाळ्यातून आल्या व्हत्या. त्याईनं मंजुषाच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हनलं, "सोमवारपासून वेळेवर ये."

नरेंद्रनं त्याच सांजेले दोस्ताले फोन लावला का मी येत नाई. मी फोन संपेलोक त्याच्या बाजूलेच उभी व्हती. त्यानं उगाच आशा ठेवली असती तं मीच फोन घेऊन बोलली असती.

आता लेकराईच्या वाहनाईचा नमुना पायजे व्हता, बायाईच्याही वाहनाईचा पायजे व्हता. मंजुषा कोरं चामडं घेऊन आली. बुढा पाटावर बसला, सुजेल अंगठ्याले आता उघड्यावर तेल लावून, मीच लावून देलं व्हतं. मंजुषा मागं बसली, हात पसरून. नरेंद्र दारात. बुढ्यानं रापी उचलली अन् माह्याकडे पाह्यलं.

"हां. कर सुरू."

मले काहीच सुचेना. लोनचं आठवलं, गाय आठवली, फुलचंद आठवला, पन एकाचाही राग येईना. समोर निसता त्याचा अंगठा दिसे. मी म्हनलं, "राहू द्या नं आज. उद्या कापा."

बुढा थांबला. मंजुषाकडे पाह्यलं, मंग चामड्याकडे पाह्यलं. मंग एकदम म्हने, "काल वरनात मीठ नोतं."

"मीठ नोतं?" मी म्हनलं. "दोन वाट्या प्याले तुमी!"

"कोनाले सांगू मंग? तुह्या मायनं तुले मीठ टाकाचं शिकवलंच नाई!"

"माह्या मायचं नाव घ्याचं काम नाई, आधीच सांगून ठेवतो!" असं म्हनून मी पदर खोचला, अन् बुढ्यानं पत्रा बाजूले फेकून चामड्यावर रापी चालवली.